बिनतिकिटाचा प्रवासी

(मंडळाच्या श्रावणातील स्नेहसभेत दिलेले भाषण)



आधी एक खुलासा करतो. मी गवई नाही. सरकारी खात्यात उपयंत्री आहे, डिप्लोमा सिव्हिलचा. माझ्याकडे टेप आहे ती रस्ता मोजायची, सूर मोजायची नाही. तरी कार्यकारिणीने सांगितले की, यंदा संगीतावर कोणीतरी बोला, आणि ज्यांना गाण्यातले कळते ते सगळे आरतीच्या तालमीत अडकले आहेत. म्हणून मी उभा आहे. रागदारीवर बोलणार नाही. एका उनाड मुलाची गोष्ट सांगणार आहे. हा मुलगा फिरत फिरत आपल्या ग्वाल्हेरलाही येऊन गेला, म्हणून ती सांगण्याचा आपल्याला थोडा हक्क आहे.

मुलाचे नाव भीमसेन गुरुराज जोशी. जन्म ४ फेब्रुवारी १९२२, गाव उत्तर कर्नाटकातले गदग. पुढे ते भारतरत्न झाले, सवाई गंधर्व महोत्सव झाला, संतवाणी झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. आज मला बोलायचे आहे ते त्याच्या आधीच्या भीमसेनबद्दल. ज्याला आपल्या घरात कोणी पाहिले असते तर आजी म्हणाली असती, "हे कार्टं वाया गेलं हो!"

पंडितजी स्वतः या दिवसांच्या आठवणी मोठ्या मजेत सांगत. गुलजार यांनी त्यांच्यावर काढलेल्या अनुबोधपटातही त्या आहेत. स्वतःवर हसण्याची त्यांची तऱ्हा अशी की, ऐकणाऱ्याला वाटावे, हा माणूस दुसऱ्याच कुणाच्या खोड्या सांगतो आहे.

पहिली खोडी अगदी लहानपणची. रस्त्याने भजनी दिंडी निघाली, बँड निघाला की, हे चिरंजीव त्याच्या मागे. चालता चालता गाव संपायचे, पाय दुखायचे, आणि मग जिथे थकवा येईल तिथे झोप. घरचे शोधून हैराण. कधी पोलिसात वर्दी द्यायची वेळ यायची. वडील गुरुराज जोशी शाळामास्तर, कन्नड-इंग्रजी शब्दकोश करणारे विद्वान गृहस्थ. त्यांनी यावर उपाय काढला तो मास्तरांनाच सुचावा असा. मुलाच्या शर्टावर लिहून ठेवले, 'जोशी मास्तरांचा मुलगा'. ज्याला सापडेल त्याने आणून पोचवावा. आम्ही खात्यात खुर्च्या-टेबलांवर नंबर घालतो ना, तसाच प्रकार.

यात एक गोष्ट मला फार आवडते. मास्तरांनी मुलाला खांबाला बांधले नाही. तो जाणारच हे धरून चालले, आणि परत येण्याची तेवढी सोय केली.

मग घरात किंवा बाजारात, जिथे ग्रामोफोन वाजेल तिथे ऐकणे सुरू झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड कानावर पडली आणि मुलाच्या डोक्यात एकच बसले: असे गाता आले पाहिजे. शाळा नावापुरती उरली. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, स्वारीने घर सोडले. निमित्त काय, तर जेवताना भातावर आणखी तूप मागितले आणि आईने दिले नाही, असे सांगतात. काकूंनो, विचार करा. एक चमचा तूप वेळेवर पडले असते तर हिंदुस्थानी संगीताचे केवढे नुकसान झाले असते! (हे विधान घरी जाऊन मुलांसमोर करू नये, ही विनंती.)

आता प्रवास. माझ्या खात्यात टी.ए. बिलाला तिकीट जोडले नाही तर बाबू फाईल परत पाठवतो. पंडितजींच्या त्या तीन वर्षांच्या प्रवासाचे बिल कोणी मंजूर केले नसते, कारण तिकीट म्हणून नव्हतेच. सहप्रवाशांनी कधी चार पैसे दिले. तिकीट तपासनीस आला की हे गायला लागत. तपासनीस गाण्यातला निघाला तर पुढच्या स्टेशनापर्यंत सोय. नाही निघाला तर पुढच्या स्टेशनावर उतरवणी, आणि मग दुसरी गाडी. असे करत पुणे, आणि पुण्याहून ग्वाल्हेर.

ग्वाल्हेरच का? कारण त्या काळी ज्याला गाणे शिकायचे त्याच्या कानावर गावाचे नाव एकच यायचे. इथे हद्दू-हस्सू खाँची गायकी, इथे तानसेनाची समाधी. १९१८ साली माधवराव महाराजांनी भातखंडे यांच्या मदतीने काढलेले माधव संगीत विद्यालय इथे. ते आजही चालू आहे आणि आपल्यापैकी निम्म्या घरांतले कोणी ना कोणी तिथे शिकले आहे. जिवाजीगंजातले सरोदघर आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. त्या घरचे उस्ताद हाफिज अली खाँ. कानडी मुलखातल्या या अनोळखी पोराला माधव विद्यालयात प्रवेश मिळाला तो हाफिज अली खाँसाहेबांच्या मदतीने. पोराजवळ ना शिफारसपत्र, ना फीचे पैसे, ना धड हिंदी. खाँसाहेब दरबारचे कलावंत. दारातून हुसकले असते तरी कोणी नाव ठेवले नसते.

ग्वाल्हेरही या पोराला फार दिवस धरून ठेवू शकले नाही. दिल्ली झाली, लखनौ झाले, कलकत्ता झाले. कलकत्त्यात पहाडी सन्याल हे सिनेमातले नामांकित नट आणि गायक. त्यांच्या घरी भीमसेन पडेल ते घरकाम करून राहिला. या गोष्टीचा उत्तरार्ध फार गोड आहे. पुष्कळ वर्षांनी कलकत्त्यातच पंडितजींची मैफल झाली. सन्याल ऐकायला आले होते. भारावून भेटायला गेले. तेव्हा पंडितजींनीच त्यांना आठवण करून दिली की, तुमच्याकडे कामाला असलेला तो जोशी म्हणजे मीच.

यात कुठे टोमणा नव्हता. उपाशी पोराला ज्या घरात जेवण मिळाले, त्या घराची ती पावती होती.

पुढे जालंधर. तिथे भक्त मंगतराम नावाच्या अंध गुरूंकडे धृपदाचे धडे. जालंधरला हरिवल्लभ संगीत संमेलन भरते, फार जुने, १८७५ पासूनचे. तिथे विनायकबुवा पटवर्धन गायला आले होते. बुवांनी चौकशी केली, कुठला रे तू? मुलाने गाव सांगितले. बुवा म्हणाले त्याचा मतलब असा: अरे, गुरू शोधत इतक्या लांब कशाला आलास? तुझ्या गदगच्या शेजारी कुंदगोळला रामभाऊ आहेत की!

रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व. साक्षात अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. ज्या आवाजाच्या नादाने घर सोडले, त्या आवाजाचा वारसा घरापासून एका दिवसाच्या अंतरावर होता. आणि हे कळायला अर्धा हिंदुस्थान पालथा घालावा लागला. आमच्या खात्यात याला 'एस्टिमेट चुकणे' म्हणतात.

वडिलांना पत्ता लागला, ते जालंधरला पोचले, मुलाला घरी आणले. आता माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या बापाला खरा प्रश्न इथे पडतो. तीन वर्षे बेपत्ता असलेला मुलगा सापडला. आपण काय केले असते? दोन थपडा, मग शाळेत नाव, मग पहारा. जोशी मास्तरांनी मुलाला सवाई गंधर्वांकडे नेऊ दिले. १९३६ साली तालीम सुरू झाली. सुरू झाली म्हणजे आधी पाणी भरणे, घरातली कामे, आणि मग स्वर. पण यावेळी मुलगा पळाला नाही. ज्याला शर्टावर पत्ता लिहून सांभाळावे लागत होते, तो गुरूच्या दारात वर्षानुवर्षे घागरी वाहत टिकला. एकोणिसाव्या वर्षी पहिली मैफल, विसाव्या वर्षी पहिली रेकॉर्ड.

ही गोष्ट आपण नेहमी धाडसाची म्हणून सांगतो. मुलगा पळाला, हाल सोसले, मोठा झाला. मला वाटते, ही निम्मीच गोष्ट झाली. अकरा वर्षांचे पोर तीन वर्षे नुसत्या धाडसावर जगत नाही. त्याला रोज दोन वेळा भूक लागते. सोडून देणारा तपासनीस, पैसे देणारा सहप्रवासी, शब्द टाकणारे खाँसाहेब, ठेवून घेणारे सन्याल, शिकवणारे मंगतराम, बरोबर वाट दाखवणारे विनायकबुवा. यातले एक दार बंद निघाले असते तर पुढचे दिसले नसते. पंडितजींना ते दिवस हसून सांगता आले, कारण वाटेत माणसे भेटली. ज्यांना भेटली नाहीत अशीही मुले त्या काळी पळाली असतील. त्यांच्या आठवणी कोणी हसून सांगत नाही, कारण त्या ऐकायला कोणी बोलावतच नाही.

आपल्या शहराचा तर हा जुना रिवाज आहे. इचलकरंजीकडचे बाळकृष्णबुवा, जन्म १८४९, गाण्याच्या वेडाने घराबाहेर पडले, वणवण केली, आणि ग्वाल्हेर परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींच्या पायाशी बसून शिकले. त्यांनीच ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर, आणि पलुसकरांचे शिष्य कोण? तेच विनायकबुवा पटवर्धन, ज्यांनी जालंधरला भीमसेनला घरचा रस्ता दाखवला. म्हणजे एका जोशीबुवांनी बाळकृष्णाला जवळ केले, ते फिरून फिरून दुसऱ्या जोशाच्या पोराच्या कामी आले. असले व्याज कुठल्या बँकेत मिळते?

आता मुद्द्यावर येतो, कारण काही मंडळी घड्याळ बघत आहेत.

गेल्या सर्वसाधारण सभेत आपल्या कार्यालयाच्या मागच्या दोन खोल्यांचा विषय निघाला. जुन्या सभासदांना आठवत असेल, बाहेरगावचा विद्यार्थी आला की त्याला तिथे महिना-दोन महिने राहता येई, आणि पाळीपाळीने कोणाच्या तरी घरून डबा येई. आता मुले येत नाहीत, खोल्यांत मांडवाचे सामान पडले आहे, म्हणून त्या दुकानदाराला भाड्याने द्याव्या, असा प्रस्ताव आहे. हिशेबाने तो चूक नाही. छताला गळती आहे, ती मीच मोजली आहे, आणि दुरुस्तीला पैसे लागतात.

पण मुले येत नाहीत, हे अर्धेच खरे आहे. संगीत शिकायला आजही बाहेरून मुले या शहरात येतात. ती आपल्यापर्यंत पोचत नाहीत, कारण आपल्या दाराला कुलूप आहे. आपली स्वतःची मुलेही कोटा, इंदूर, पुणे इथे परक्या खोल्यांत राहतात. तिथे कुणी घरमालकीणबाईंनी सणाला पुरणाची पोळी दिली तर आपण फोनवर दहा जणांना सांगतो. मग हे पुण्य फक्त घेण्याचेच का?

माझी सूचना साधी आहे. एक खोली भाड्याने द्या, त्या भाड्यातून दुसरीचे छत दुरुस्त करा. अंदाजपत्रक मी करून देतो, विनामूल्य. दुसरी खोली विद्यार्थ्यासाठी ठेवा. तो गाणारा असो, तबल्याचा असो, नाहीतर डिप्लोमाचा असो. त्याच्यातला भीमसेन ओळखायची जबाबदारी आपल्यावर नाही. हाफिज अली खाँसाहेबांनाही त्या दिवशी भारतरत्न दिसले नव्हते. दारात एक भुकेले पोर दिसले होते, एवढेच.

आणि पालकांना एक सांगणे. मुलगा अभ्यास सोडून भलतीकडे पळतो आहे असे वाटले तर रागवा जरूर, तो आपला हक्क आहे. फक्त रागावता रागावता शर्टावर पत्ता लिहायला विसरू नका. म्हणजे जिथे जाईल तिथून परत यायला त्याला लाज वाटणार नाही.

खोल्यांचा प्रस्ताव अनंत चतुर्दशीनंतरच्या सभेत मतदानाला येईल. त्या दिवशी उपस्थिती असू द्या. कोरम भरला नाही तर कुलूप आपोआप जिंकते.