नवजात बालक आणि रक्ताची साक्ष



मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला तर तो आपले दुखणे सांगतो. चार दिवसांचे मूल काय सांगणार? ते दूध ओढत नाही, मलूल पडते. कित्येकदा तापाऐवजी अंग गार लागते. ‘झोपाळू आहे’ म्हणून घरची माणसे निर्धास्त राहतात आणि मोलाचे तास निघून जातात.

रक्तात जंतू आहेत का, हे ठरविण्याची भरवशाची रीत म्हणजे कल्चर. परंतु त्याचे उत्तर मिळायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून डॉक्टर रक्तातील काही प्रथिनांची साक्ष काढतात. त्यांपैकी सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सी.आर.पी., हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांत आढळले. जंतूंची चाहूल लागताच यकृत ते तयार करू लागते. पण रक्तात ते वाढलेले दिसायला सहा ते बारा तास जातात. दुसरे प्रथिन प्रोकॅल्सिटोनिन. ते अधिक लवकर वाढते. मात्र जन्मानंतर पहिले दोन दिवस ते निरोगी बाळातही वाढलेलेच असते.

तेव्हा ध्यानात ठेवा, पहिलाच रिपोर्ट चांगला आला म्हणजे धोका टळला असे नव्हे. म्हणूनच डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त मागतात. त्याला विनाकारण खर्च समजू नका. दोन्ही वेळा सी.आर.पी. कमी असेल, कल्चरमध्ये जंतू नसतील आणि बाळ टवटवीत असेल, तर अँटिबायोटिक लवकर थांबविता येते. तोही बाळाचा फायदाच.

परंतु पहिली साक्ष आईच्या डोळ्यांची. दूध न ओढणे, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, झटके, अंग गार वा गरम, बेंबीभोवती लाली किंवा पू. यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना ही लक्षणे ओळखून घरीच उपचार करायला शिकविले. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियांजवळ प्रयोगशाळा नव्हती, शिक्षण होते. आपल्या प्रत्येक मुलीला ते मिळो.