माहुलीचा वेढा आणि पडद्यावरचें रणांगण

शहापूरच्या माहुली गडाला इ. स. १६३६ मध्यें मोगल व आदिलशाही फौजांचा वेढा पडला. आंत शहाजीराजे होते. अखेर गड आणि निजामशाहीचा बालवारस, दोन्ही त्यांना हवालीं करावे लागले. वेढ्याचा हा संथ, निर्दय व्यवहार संगणकावरील ऐतिहासिक युद्धखेळांत कितपत उतरतो? या खेळांत बुद्धिबळासारखी पाळी नसते. दोन्ही पक्ष एकाच वेळीं हालतात.

'एज ऑफ एम्पायर्स'च्या १९९९ सालच्या दुसऱ्या भागांत शिपाई उभा करतांना धान्य एकदांच मोजावें लागतें. पुढें तो बिचारा जन्मभर उपाशी लढतो! किल्ला पडतो तो दगडफेक्या यंत्रांनीं, घटकाभरांत. शहाजीराजांच्याच शतकांतील युरोपावर बेतलेल्या 'कोसॅक्स'चें गणित निराळें. तेथें फौज सतत खात असते. कोठार रितें झालें कीं माणसें मरूं लागतात. माहुलीच्या जवळ जाणारा खेळ हाच. २००९ च्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्यें मराठ्यांचा पक्ष घेतां येतो खरा, पण वेढ्याचे दिवस तेथें पाळ्यांनीं मोजतात, एक कळ दाबली कीं ऋतु सरला.

व्यापारांत मात्र 'एज' सरस. मुरबाडकडून चढणाऱ्या नाणेघाटानें जुन्नर व कल्याण बंदर जोडलें होतें. त्या खेळांतही बाजार जितका दूर तितकें गाडीमागें सोनें अधिक, म्हणून वाट राखणें भाग पडतें. २००३ च्या 'राइज ऑफ नेशन्स'मध्यें परमुलखांत शिरलेली फौज रसदगाडीवांचून झिजत जाते. हेंही सह्याद्रीस धरून आहे. गडावरचें टाकें आटलें म्हणून शरण जाण्याचा प्रसंग मात्र या चारींपैकीं एकांतही येत नाहीं.