उधळणारा घोडा आणि त्याची शिकवण

(बुऱ्हाणपूर परिसरातील अश्वपालकांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला घोडा नवा नाही. फारुकी सुलतानांचे हे शहर पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले आणि दक्षिणेच्या मोहिमांचा तळ बनले. १६८१ च्या आरंभी हंबीरराव मोहित्यांच्या हाताखालील मराठी घोडदळ येथवर येऊन धडकले, ते घोड्यांच्या चिवटपणाच्या बळावर. त्या काळी प्रत्येक मोठ्या पागेत घोड्यांना शिकविणारा चाबुकस्वार आणि त्यांची निगा राखणारा मोतद्दार असे. पागा गेल्या, तसे हे जाणकारही दुर्मिळ झाले. घोडे मात्र राहिले. कोणी नवरदेवाच्या वरातीसाठी घोडी पाळतो, कोणाचे पोट टांग्यावर असते, तर कोणी हौसेने शिंगरू वाढवितो. याच तापीच्या काठी खाली नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडे येथे दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारातून तरुण जनावर घरी आणले, की शिकवणीच्या वेळी ते फुरफुरते, मान वर टाकते, जागच्या जागी नाचते आणि एखाद्या क्षणी चौखूर उधळते. त्यात स्वाराचा हातपाय मोडतो, वाटसरू जखमी होतो आणि शेवटी ‘ऐबी’ असा शिक्का बसून चांगले जनावर कवडीमोलाने विकले जाते.

हे टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी लागते. उधळणारा घोडा बहुधा खोडकर नसतो, तो भ्यालेला असतो, दुखावलेला असतो किंवा त्याच्या अंगात साठलेल्या शक्तीला वाट मिळालेली नसते. म्हणून त्याला जरब बसवून शांत करता येत नाही. शांत होणे हे त्याला शिकवावे लागते.

कारण आधी शोधावे

घोडा हा पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. मात्र कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे त्याला दिसत नाही. मागून अचानक कोणी आले, तर तो आधी उडी घेतो आणि मग पाहतो. यात त्याचा दोष नाही.

दुसरे कारण वैरण. दिवसभर ठाणावर बांधून ठेवलेल्या आणि हरभऱ्याची भरपूर चंदी खाणाऱ्या घोड्याच्या अंगात शक्ती मावत नाही. घोड्याचे पोट थोडथोडा चारा सतत खाण्यासाठी घडलेले आहे. म्हणून वैरण मुबलक द्यावी. चंदी कामाच्या मानाने मोजून द्यावी आणि काम नसलेल्या दिवशी ती कमी करावी. रोज काही वेळ त्याला मोकळे हिंडू द्यावे. शक्य तर दुसरे जनावर त्याच्या दृष्टीस पडेल, अशी व्यवस्था असावी.

तिसरे कारण वेदना. दाढांच्या धारदार कडांनी गाल सोलवटणे, खोगिराने पाठ लागणे, नाल बिघडणे, लगामाच्या लोखंडी कडीने जीभ चिरणे, यांपैकी काहीही असले तरी घोडा डोके झटकतो आणि पळू पाहतो. शालिहोत्राच्या नावावरून मराठीत पशुवैद्याला ‘सालोत्री’ म्हणत आले आहेत. शिकवण सुरू करण्यापूर्वी या सालोत्र्याकडून, म्हणजेच आजच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून, जनावर तपासून घ्यावे. विसावलेल्या निरोगी प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते, हेही पालकाला माहीत असावे.

शिकवणीच्या वेळी

शिकवण ओळखीच्या, मऊ आणि सपाट जागी, रहदारीपासून दूर द्यावी. प्रथम खरारा करावा. मानेच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्यापुढे, हलकेच खाजविले असता घोड्याची नाडी मंदावते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. घोडे एकमेकांना तेथेच खाजवितात. नंतर लांब दोरावर त्याला गोल फिरवावे. जुन्या मराठीत यालाच ‘कावा’ म्हणत. पाच-सात मिनिटे एका बाजूने आणि तितकीच दुसऱ्या बाजूने पुरेत. दमविण्यासाठी तासभर फिरविणे चुकीचे होय, कारण त्याने पायांवर ताण पडतो आणि घोड्याचा दम मात्र दिवसेंदिवस वाढत जातो.

स्वार झाल्यावर घोडा तापला, तर स्वाराने आधी स्वतःचा श्वास सावरावा. मांड्या आवळू नयेत आणि दोन्ही लगाम एकसारखे ओढून धरू नयेत. ओढीला घोडा ओढीनेच उत्तर देतो. लगाम क्षणभर आवळावा आणि घोड्याने किंचित मान दिली की लगेच सैल सोडावा. दाब सुटणे हेच त्याचे बक्षीस असते आणि त्यातूनच तो शिकतो. पळू पाहणाऱ्या पायांना काम द्यावे. मोठे वर्तुळ घ्यावे, दिशा बदलावी, चार पावले चालवून थांबवावे, पुन्हा चालवावे. दुडकी बिघडली, तर कदमावर यावे. बोलावे ते हळू आणि एकाच सुरात. घोडा खरोखर उधळलाच, तर एकदम वळवू नये, कारण तोल जाऊन तो पडतो. मोठ्या वर्तुळातून हळूहळू आत आणावे.

घोड्याने मान खाली सोडली, ओठ चघळले, लांब श्वास टाकला, की त्या घडीला शिकवण संपवावी. शांतपणे केलेली वीस मिनिटे रागाने केलेल्या दोन तासांपेक्षा अधिक फळ देतात. ग्रीक लेखक झेनोफन याने सुमारे २४०० वर्षांपूर्वी अश्वविद्येवरील ग्रंथात हेच सांगितले आहे. घोड्याशी रागाने वागू नये आणि तापट घोड्याला लांब व संथ रपेटीने निववावे, असा त्याचा सल्ला होता.

गोंगाटाची सवय

वरातीच्या घोडीला बँड, ढोल आणि फटाके यांना सामोरे जावे लागते. तिला पहिल्याच दिवशी गर्दीत नेणे म्हणजे नवरदेवाचा जीव धोक्यात घालणे होय. प्रथम एका शेताच्या अंतरावर हळू ढोल वाजवावा आणि तिला तोबऱ्यातून खाऊ द्यावे. कान टवकारून ती खाणे थांबवील, तर अंतर वाढवावे. निश्चिंत खात राहील, तर दुसऱ्या दिवशी थोडे जवळ यावे. याला काही आठवडे लागतात. ते लग्नसराईपूर्वीच काढावेत.

कायदा आणि समाज

काही जण घोडा आवरण्यासाठी काटेरी लगाम वापरतात. त्याने भीती व वेदना दोन्ही वाढतात आणि घोडा अधिकच उधळतो. शिवाय १९६५ च्या केंद्रीय नियमांनी ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी अशा टोकदार साधनांना मनाई केली आहे. त्याच नियमांनुसार जनावरास दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक जुंपता येत नाही. तापमान ३७ अंशांवर जाते, तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्यास कामाला लावता येत नाही. निमाडच्या उन्हाळ्यात हा नियम विशेष ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

शिक्षकांनी मुलांना घोड्याच्या मागे उभे न राहण्याची आणि त्याच्या पायांशी फटाके न टाकण्याची शिकवण द्यावी. मिरवणुकीला परवानगी देताना अधिकाऱ्यांनी घोड्यासाठी मोकळी वाट राखण्यास सांगावे. घोडेवाल्याचे सारे भांडवल त्या एका जनावरात असते. ते शांत राहिले, तर त्याच्या घरची चूल पेटते आणि रस्त्यावरचे लेकरूही सुखरूप घरी पोचते.