हट्ट नव्हे, ताण



स्वमग्न बालक अकस्मात मारू लागले, की समाज त्यास हट्टी ठरवतो आणि दोष मातेच्या पदरी घालतो. वस्तुतः बाहेरून शांत दिसणाऱ्या त्या बालकाच्या अंतरी ताण आधीच साचलेला असू शकतो. तो शब्दांत सांगणे त्यास नेहमी साधत नाही.

अमेरिकेत रुग्णालयांत दाखल असलेल्या 70 स्वमग्न मुलांच्या मनगटी घड्याळासारखे यंत्र बांधून संशोधकांनी हृदयाचे ठोके, त्वचेवरील घामाचे बदल व हालचाल नोंदवली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आक्रमक वर्तनाची चाहूल 3 मिनिटे आधी बऱ्याच अंशी लागू शकते. हे अनुमान अचूक नव्हे. तथापि तेवढ्या अवधीत गोंगाट थांबवता येतो, बालकास शांत जागी नेता येते.

म्हणून अशा प्रसंगी मातेस उपदेश न करता तिला वाट मोकळी करून द्यावी.