वहीत कुणाकुणाची नावं?

(म्हसावद, ता. शहादा येथे बचत गटांच्या अध्यक्ष-सचिवांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय आहे ‘गटाच्या नोंदी कशा ठेवाव्यात’. जमाखर्चाचं सकाळी झालं. मी प्रोसिडिंग बुकाबद्दल बोलणार आहे, पण सुरुवात जरा लांबून करते. जांभया यायला लागल्या तर सांगा, गाणं म्हणू.

कमळावर उभी असलेली, दोन्ही बाजूंना पाणी किंवा हत्ती असलेली लक्ष्मी किती जणींच्या घरात आहे? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळ्याच. अशी लक्ष्मी घराघरांत पोचवली ती केरळातल्या किळिमानूरच्या राजा रविवर्मा या चित्रकारानं. १८९४ साली त्यांनी मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तोवर तैलचित्र म्हणजे राजवाड्यातली वस्तू. छापखान्यामुळे ती चार पैशांत ज्याच्या त्याच्या भिंतीवर आली. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू देत नसत, त्यांच्या घरातसुद्धा देवी आली, हे मला फार मोठं वाटतं. अर्थात देवी म्हणजे गोरी, दागिन्यांनी मढलेली, हेही त्याच छापांनी डोक्यात बसवलं. आपल्या सातपुड्यातली याहामोगी कुठे तशी दिसते?

रविवर्म्यांचा धाकटा भाऊ राजराजवर्मा सदैव त्यांच्याबरोबर असायचा. दोघांनी मुंबईत गिरगावात बिऱ्हाड केलं होतं. धाकटा स्वतः निसर्गचित्रं उत्तम काढायचा, थोरल्याच्या चित्रांतले मागचे डोंगर-झाडी रंगवायचा, पत्रव्यवहार बघायचा, प्रवासाची व्यवस्था बघायचा. आणि १८९५ पासून १९०४ पर्यंत तो डायरी लिहीत होता, इंग्रजीत, स्वतःपुरती. १९०५ च्या सुरुवातीला तो वारला. त्याच्यामागे शंभर वर्षांनी, २००५ साली, ती डायरी पुस्तकरूपानं आली. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतल्या आपल्याकडच्या चित्रकाराची अशी रोजनिशी क्वचितच हाती लागते.

काय आहे त्यात? आज कोणतं चित्र किती पुढे सरकलं. कोण भेटायला आलं, कुणाकडे आपण गेलो. संध्याकाळी कोणतं नाटक पाहिलं. कुठल्या संस्थानातून बोलावणं आलं. छापखान्याचा तोटा. प्लेगाची धास्ती. दिवाण, राजे, वकील, व्यापारी, साहेब लोक, सगळा गोतावळा त्या पानांतून ये-जा करतो. बायका येतात त्या मुख्यतः चित्राच्या निमित्तानं. एखादी राणी, नाहीतर पैसे घेऊन समोर बसणारी बाई.

आता गंमत बघा. जग ओळखतं ते थोरल्याला. चित्रं दोघांच्या हातची, काहींवर सह्यासुद्धा दोघांच्या, तरी लोकांच्या तोंडी एकच नाव. धाकट्यानं वही लिहिली म्हणून निदान आज आपण त्याला ओळखतो. पण त्यांना एक बहीण होती, मंगलाबाई. तीही चित्रकार. तिनं काढलेलं रविवर्म्यांचं चित्र आजही आहे. आई उमाअंबाबाई कविता करायच्या. केरळातलं ते घर मातृवंशीय, म्हणजे वंश आईकडून चालायचा, घराणं पोरींचं. तरी छापखाना, मुंबई, बडोदा, प्रदर्शनं, पदकं भावांच्या वाट्याला आली, आणि बहीण राहिली घरी. मातृवंश असला की सगळं आपोआप होतं असं मानणाऱ्यांनी हे घर जरा नीट बघावं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. त्याच्या काही दशकं आधी लंडनमध्ये जॉर्ज बॉइस नावाचा चित्रकार अशीच खाजगी डायरी लिहायचा. चित्रकार मित्र, त्यांच्या बैठका, त्यांच्यासमोर बसणाऱ्या मुली, सगळं टिपायचा. त्याचीही बहीण चित्रकार, जोआना. १८६१ साली तिसऱ्या बाळंतपणानंतर ती गेली, वयाची तिशीही झाली नव्हती. जाण्याआधी तिनं फॅनी ईटन या जमैकात जन्मलेल्या काळ्या बाईचं चित्र काढलं होतं, मान ताठ, मोत्यांचे दागिने ल्यायलेली, एखाद्या राणीसारखी. फॅनी पोटासाठी चित्रकारांपुढे बसायची. तिचं नाव लोक विसरले, चेहरा संग्रहालयांत टांगलेला राहिला. अलीकडे अभ्यासक बायकांनी जुने कागद धुंडाळून ते नाव परत आणलं.

आपल्याकडे समोर कोण बसायचं? घरंदाज म्हणवणाऱ्या बाया परक्या पुरुषापुढे तासन्‌तास बसणं शक्यच नव्हतं. बसायच्या त्या गाण्यावर पोट असलेल्या, कलावंतांच्या घरातल्या. मूळच्या गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर तरुणपणी रविवर्म्यांच्या चित्रांसाठी बसल्या असं सांगतात. अंजनीबाई नुसत्या देखण्या नव्हत्या, भेंडीबाजार घराण्याच्या मोठ्या गायिका होत्या. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पण छापांखाली नाव कुणाचं? चित्रकाराचं आणि छापखान्याचं. रणजित देसाईंची ‘राजा रविवर्मा’ कादंबरी तुमच्यातल्या काही जणींनी वाचली असेल, त्यातली सुगंधा सगळ्यांना आठवते. सुगंधा लेखकानं कल्पिलेली. खऱ्या बाईचं गाणं विसरायचं आणि कल्पिलेल्या बाईचं प्रेमप्रकरण लक्षात ठेवायचं, ही आपली रीत.

हे सगळं मी दुसऱ्यांवर बोट ठेवायला सांगत नाही. आता माझ्या डायरीचं सांगते.

समाजकार्याच्या एम.ए.ला आम्हाला रोजच्या क्षेत्रकार्याचा अहवाल लिहावा लागायचा. सवय लागली, नोकरीतही डायरी सुटली नाही. मला तिचा अभिमान होता. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर नवऱ्यानं मारून रात्री घराबाहेर काढलेल्या बाईची केस आली. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचले, बैठक लावली आणि रात्री सविस्तर लिहिलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला. सुनावणीला सात-आठ महिने लागले. त्या रात्री प्रत्यक्ष काय झालं हे कुणी पाहिलं, असं वकीलबाईंनी विचारलं. मी ऐटीत डायरी उघडली.

त्यात सरपंचांचं नाव होतं, पोलीस पाटलांचं होतं, ग्रामसेवकाचं, शाळेच्या गुरुजींचं होतं. यांतल्या एकानंही ती रात्र पाहिली नव्हती, सगळे सकाळी खुर्च्यांवर येऊन बसलेले. जिनं आरडाओरडा ऐकून दार उघडलं, तिला आत घेतलं, डोक्याला हळद दाबून धरली आणि सकाळी मला भाकरीही दिली, तिच्याबद्दल माझ्या सुवाच्य अक्षरात दोनच शब्द होते: ‘एक शेजारीण’.

पाड्यावर गेलो तर झोपडीला कडी. कुटुंब ऊसतोडीला गुजरातकडे गेलेलं. आमच्या बाईला ती ‘वहिनी’ म्हणूनच ठाऊक. नवऱ्याचं नाव दोघांनी दोन सांगितली. कुठल्या मुकादमाबरोबर गेली, कुणाला पत्ता नाही. नाव असतं तर मुकादमांकडे विचारत गेलो असतो. अर्ज पुढे चालला, पण पाहिलेलं सांगणारं माणूस नाही म्हणून फार ओढाताण झाली, आणि ती सोसली आमच्या बाईनं, मी नव्हे. तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी वर्षभराची डायरी काढून बसले. साहेब, सभापती, बँक मॅनेजर, पत्रकार यांची नावं हुद्द्यासकट. ज्यांच्या घरी मी झोपले, जेवले, त्या बाया ‘काही महिला’. एम.ए. झालेली, स्त्रीमुक्तीची गाणी म्हणणारी मी!

आपल्या शहाद्याचंच घ्या. १९७२-७३ पासून इथल्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली, गावोगाव मोर्चे नेले. देशभरच्या पुस्तकांत ‘शहादा चळवळ’ म्हणून ते नोंदलं गेलं. अंबरसिंग महाराजांचं नाव येतं, यायलाच हवं. पण मडकी फोडणाऱ्यांपैकी तुम्हाला किती नावं सांगता येतील? तुमच्या सासवा, आज्या असतील त्यांत. विचारलंय कधी? आता त्यांतल्या थोड्याच उरल्या असतील.

तेव्हा प्रोसिडिंग बुकाबद्दल माझं म्हणणं एवढंच. ‘सर्व महिला उपस्थित होत्या’ हे वाक्य लिहू नका. ‘अमक्याची बायको’ लिहू नका. तिचं नाव, तिला हाक मारतात ते नाव, पाडा, आणि कामाला बाहेर गेली असेल तर कुणाबरोबर, कुठे. कोण बोललं तेही लिहा, विरोधात बोललं असेल तरी. लिहिता न येणारीनं सांगायचं, येणारीनं लिहायचं, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं. वेळ लागतो. लागू दे. पाहुण्यांच्या स्वागताचा परिच्छेद गाळलात तर तेवढा वेळ निघतो.

हजेरीची वही फिरायला सुरुवात झालीय, पुढच्या ओळीतून मागे जाऊ द्या. आत चुलीपाशी चौघी जणी सकाळपासून आहेत. त्यांच्याकडेही वही न्या, आणि मला त्यांची नावं विचारायची राहिली आहेत, ती कुणीतरी आधी सांगा.