वारली पाडा आणि पाहुणा



डहाणू, जव्हार, मोखाडा या भागांत पर्यटकांची पावले वळू लागली, त्यात वारली चित्रकलेच्या कीर्तीचा वाटा मोठा आहे. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी यांनी ही कला शहरी रसिकांच्या नजरेस आणली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती देशोदेशी नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री प्राप्त झाली.

परंतु पाहुणा पाड्यावर काय पाहतो? गेरूच्या भिंतीवरील पांढऱ्या आकृती आणि तारप्याच्या सुरावरील नाच पाहून हा समाज सदैव आनंदात असतो, अशी त्याची समजूत होते. याच वारल्यांनी वेठबिगारीचा जाच सोसला आणि १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तिच्याविरुद्ध लढा दिला, हे त्यास बहुधा ठाऊक नसते.

लग्नचौकाचेच उदाहरण घ्या. तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो रेखाटतात. मध्यभागी पालघट देवी असते. धवलेरी गीते गाऊन विधी पार पाडते. हाच चौक पिशवीवर छापून विकला जातो, तेव्हा ग्राहकास सुबक नक्षी तेवढी दिसते.

म्हणून पाहुण्यांना मज्जाव करावा, असे नव्हे. भाताची कापणी आटोपताच अनेक कुटुंबांना रोजगारासाठी वीटभट्ट्यांची वाट धरावी लागते. चार पैसे गावातच मिळाले, तर मुलांची शाळा सुटणार नाही. मात्र काय दाखवावे, काय घरापुरते राखावे आणि मिळकत कशी वाटून घ्यावी, हे पाड्यानेच ठरविले पाहिजे. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्यानुसार परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे. ग्रामसभेने पर्यटनाचे नियम ठरविल्यास या तरतुदीचे चीज होईल. नाहीतर नफा मध्यस्थाचा आणि नाच तेवढा वारल्यांचा, अशी स्थिती होईल.

पाहुण्यावरही काही जबाबदारी येते. अनुमतीवाचून छायाचित्र घेऊ नये, चित्र शक्यतो चित्रकाराकडूनच विकत घ्यावे आणि ते कोणत्या प्रसंगाचे आहे, हे आवर्जून विचारावे. पाड्यावरचा माणूस उत्तर देऊ लागला, की पाहुण्याच्या मनातील जुनी समजूत आपोआप मागे पडते. असे पर्यटनच दीर्घकाळ टिकेल आणि पाड्यासही मानवेल.