चित्रातली अक्षरे



‘कॅम्प’ म्हटले की डोळ्यांपुढे तंबू येतात, नाहीतर श्रमदानाचे शिबिर. मी गेलो होतो त्या कॅम्पात तंबूही नव्हता आणि फावडेही नव्हते. त्याचे नाव वर्डकॅम्प.

संकेतस्थळे आणि ब्लॉग तयार करण्यासाठी ‘वर्डप्रेस’ नावाची एक प्रणाली आहे. मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ती २००३ साली लोकांपुढे ठेवली. ती कुणालाही फुकट वापरता येते, शिवाय उघडून पाहता येते, बदलता येते. ती वापरणाऱ्यांचा पहिला मेळावा २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरला. पुढे ही प्रथा आपल्याकडे पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक अशा शहरांत आली. त्या त्या गावचेच स्वयंसेवक राबतात. वक्त्याला मानधन नसते. गावच्या सप्त्यासारखेच म्हणा ना!

अशा एका मेळाव्यात मी बोललो. आमच्या महाविद्यालयाचे जुने वार्षिक अंक मी संकेतस्थळावर ठेवले होते. पानांची छायाचित्रे काढली आणि चढवली. ती पडद्यावर दाखवताना मला, खरे सांगतो, अभिमान वाटत होता.

भाषण संपले. मागून एक शिक्षक उठले. म्हणाले, “सर, माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिला दिसत नाही. संगणक तिला मजकूर वाचून दाखवतो. तुमचा अंक तो वाचील का?”

मी गप्प झालो. छायाचित्रात आपल्याला अक्षरे दिसतात. यंत्राच्या लेखी ते नुसते ठिपके. चित्रातली अक्षरे ओळखणारी साधने आता आहेत, पण पुसट छपाई आली की ती अडखळतात. “नाही वाचणार,” मी म्हणालो.

परत आल्यावर विद्यार्थ्यांना हाताशी धरले. एकाने वाचायचे, दुसऱ्याने युनिकोडमध्ये टंकायचे. युनिकोडात प्रत्येक अक्षरचिन्हाला जगभर मान्य असा एकच क्रमांक असतो. त्यामुळे मजकूर कुठल्याही यंत्रावर उघडतो, शोधता येतो आणि ऐकताही येतो.

पहिला अंक पुरा झाला तेव्हा त्या गुरुजींना कळवले. आठ दिवसांनी उत्तर आले: ‘तिसऱ्या लेखात एक ओळ दोनदा आली आहे. मुलीने ऐकून धरली.’ आम्ही चौघांनी तो लेख डोळ्यांनी तपासला होता!

शिक्षक मित्रांनो, तुमच्याही शाळेची हस्तलिखिते असतील, गावाचा इतिहास कुणी वहीत लिहून ठेवला असेल. त्याचे फोटो जरूर लावा; पण खाली मजकूर टंकून द्या. वर्डप्रेसमध्ये चित्राचे वर्णन लिहायला एक चौकट असते, ती रिकामी सोडू नका. आपल्या पानाचा वाचक कोण आहे, हे आपल्याला दिसत नसते.